बागिलाबाईंचे नवे ओठ

सासूच्या तोंडाकडे टक लावून बघायचं नाही, हे मारझानला लग्नाच्या दिवशीच कानात सांगून ठेवलं होतं. बघायचं ते चहाच्या वाटीकडे, फार तर सासूच्या हातांकडे. वर्षभर बिचारीनं ते इमानानं पाळलं. आणि आज त्याच सासूला खुर्चीत आडवी करून, दिव्याचा झोत चेहऱ्यावर मारून, हनुवटी दोन बोटांत धरून तिच्या ओठांत सुई घालायची होती. आता बोला!

"बघत काय बसलीस नुसती? कर की सुरुवात," बागिलाबाई म्हणाल्या. डोळे त्यांनी इतके गच्च मिटले होते की भुवया जवळजवळ गालांवर आल्या होत्या.

"आपा, तोंड सैल सोडा आधी." सासूला मारझान आपा म्हणे.

"सैलच आहे ते."

"नाही हो. दात आवळलेत तुम्ही."

"माझे दात असेच असतात."

हे मात्र अगदी खरं होतं. कास्केलेनच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून या बाईनं उभा जन्म दात आवळून काढला होता. निम्म्या गावाचे कान तिनं पिळलेले. एखादी पोर नखं रंगवून आली की फळा पुसायचं फडकं रॉकेलमध्ये बुडवून स्वतःच्या हातानं तिची नखं पुसणार, आणि वर तिच्या आईला बोलावून घेणार. असल्या बाईच्या घरात सून आली ती नेमकी बायकांची तोंडं भरणारी. शिकलेली कातडीची डॉक्टर, पण काम अल्माटीतल्या सौंदर्याच्या दवाखान्यात. ओठ पातळ झाले की त्यात जेल भर, गालाच्या घड्या भर, तोंडाभोवतीच्या सुरकुत्या भर. लेकानं, दाउरेननं, मुलगी पसंत केली, मुलगी गुणाची निघाली, म्हणून बागिलाबाई तिच्या कामाबद्दल गप्प राहिल्या. पण गप्प राहण्याचेही प्रकार असतात ना! कुणी विचारलं, "सून काय करते हो?" की त्या म्हणत, "दवाखान्यात असते," आणि लगेच बाउरसाकांचं ताट समोर सरकवत. तळलेल्या गरम बाउरसाकांपुढे पुढचा प्रश्न कोण विचारतंय?

मारझानला ते लागायचं. बोलायची नाही, पण लागायचं. आपल्या हाताला यश आहे हे तिला ठाऊक होतं. लहानपणी कुत्रा चावून ओठाला खाच पडलेली एक शिवणकाम करणारी बाई तिच्याकडे आली होती. आरशात पाहून ती बाई आधी हसली, मग रडली, मग मारझानला मिठी मारून पुन्हा हसली. असल्या दिवशी घरी येऊन सांगावंसं वाटायचं. पण सांगणार कुणाला?

त्यात आता केगेनचं लचांड उभं राहिलं होतं. केगेनला, डोंगरात, बागिलाबाईंच्या सासूबाई राहत, धाकट्या लेकाकडे. झिलिखा आझे. आझे म्हणजे आजी; सगळं खानदान त्यांना तेच म्हणे. आझेंनी तिथल्या तालुक्याच्या दवाखान्यात नातसुनेसाठी जागा बघून ठेवली होती. खरूज, गजकर्ण, नायटा, असलं इमानदार काम. पुढच्या आठवड्यात सगळ्या कुटुंबाचा फोटो काढायला आझे कास्केलेनला येणार, जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाशी बसून शब्द टाकणार, आणि त्यांचा शब्द पडला की संपलं. दाउरेनला मारझाननं विचारलं होतं, "तू बोलशील ना?" तर तो बापडा म्हणाला, "आझेपुढे? मी?" आणि गाडी धुवायला निघून गेला.

अशा सगळ्या गोंधळात सासूबाईच चालून आल्या. स्वयंपाकघराचं दार लावून त्यांनी फोनमधला एक फोटो पुढे केला. पुतण्याच्या लग्नातला. "हे बघ. सगळे नाचतायत, आणि मी जणू कुणाला तरी वर्गाबाहेर काढतेय."

"छे हो, आपा."

"छे काय? ओठ बघ, चिमटीनं शिवल्यासारखे. कोपरे खाली. मी रागावले नव्हते गं त्या दिवशी. किती खूश होते मी! पण तोंडच असं बसलंय माझं. नातवंडं जवळ येईनाशी झालीत. दुकानदार विचारतो, काय चुकलं का माझं?" हे म्हणून त्या उगाच खोकल्या. "तुझ्या त्या सुईनं काही होतं का?"

"होतं की."

"पुढच्या आठवड्यातल्या फोटोआधी?"

"आठवडाभर आधी केलं तर सूज उतरून छान बसेल."

"पण कुणाला कळता कामा नये. दाउरेनला नाही, आणि माझ्या जावेला, त्या गाउहारला, तर मुळीच नाही. मी पोरींची नखं पुसलेली बाई आहे. गाव हसेल. शपथ घे."

"आपा, मी डॉक्टर आहे. पेशंटचं नाव माझ्या तोंडून बाहेर पडत नाही."

"तरी घे."

घेतली बाई शपथ. आणि म्हणून आज सकाळी, दवाखाना उघडायच्या आधी, दोघी इथे होत्या.

हिरडीत बधिर करणारं इंजेक्शन दिलं तेव्हा बागिलाबाईंनी खुर्चीचे हात असे धरले की आता उखडतात. मग ओठ बधिर झाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच नवल आलं. "अगं, माझं तोंड कुठे गेलं?"

"आहे जागेवर. बोलू नका आता."

आणि मग मारझान सगळं विसरली. सासू विसरली, रिवाज विसरला, केगेनही विसरली. पुढ्यात होतं ते फक्त एक तोंड. वरच्या ओठावर उभ्या बारीक रेघा, वर्षानुवर्षं ओठ मुडपून पडलेल्या. तिनं अगदी थोडं थोडं भरलं. ओठ फुगवायचे नव्हतेच; जिथलं गेलं होतं तिथे परत ठेवायचं होतं. कोपऱ्यांना खालून जरासा टेकू दिला. बोटांनी हलकेच दाबून सारखं केलं. आणि काय सांगू, कोपरे उचलले तसं त्या आवळलेल्या चेहऱ्याआडून एक वेगळीच बाई डोकवायला लागली, जरा लबाड, जरा लाजरी. मारझान बघतच राहिली.

बागिलाबाईंनी आरसा घेतला. तोंड इकडून तिकडून वळवून पाहिलं. मग म्हणाल्या, "सुजलंय."

"दोन-तीन दिवसांत उतरेल. पण आज वाफेची अंघोळ नाही. गरम सूप नाही. गरम चहा नाही."

"चहा नाही?" आरसा खाली आला. "मग दिवसभर जगायचं कशावर?"

"थंड करून प्या. ओठ अजून काही तास बधिर राहतील. भाजलं तरी कळायचं नाही तुम्हाला. परवाच एक बाई असंच करून बसली, खालच्या ओठाची सालटी निघाली."

"थंड चहा आमच्याकडे घोडीसुद्धा पीत नाही," बागिलाबाई म्हणाल्या. पण आरसा पुन्हा वर गेला होता, आणि त्यातल्या बाईकडे त्या चोरून बघत होत्या.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडून आझेंचा आवाज एवढा मोठा की मारझानलाही स्वच्छ ऐकू आला.

"बागिला! तालगार गाव ओलांडलं. कढई चढव!"

"आझे? अहो पण... पुढच्या आठवड्यात ना?"

"पुतण्याची गाडी इकडेच येत होती, बसले. आणि तुझा आवाज असा का येतोय? झोपली होतीस की काय या वेळी?"

फोन बंद. आधी कळवून येणं म्हणजे सुनांना लपवालपवीला वेळ देणं, असं आझेंचं मत. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि गाडीकडे धाव घेतली.

गाडीत बागिलाबाईंनी डोक्यावरचा रुमाल उतरवून नाकाखालून बांधला. "दाढ काढली म्हणून सांगू."

"काढली म्हटलं तर आझे खड्डा दाखव म्हणतील."

"मग दुखतेय म्हणू. नुसती दुखतेय." थोडं पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या, "चहाचं काय करायचं?"

"तुमची वाटी मी भरणार ना? मी बघते काय ते. तुम्ही काळजी करू नका."

मोठं तोंड करून म्हणाली खरं. पण त्या दिवसाचा सगळा घोळ या एका वाक्यातूनच झाला.

घरी पोचतात तर फोनवर सांगितल्याप्रमाणे दाउरेननं अंगणात कढई चढवली होती आणि गाउहार आधीच येऊन बसली होती. गाउहार म्हणजे बागिलाबाईंची मधली जाऊ. दोन घरं सोडून राहायची आणि वाऱ्याआधी पोचायची. "काय हो जाऊबाई, रुमाल का? थंडी तर नाही."

"दाढ."

"काल तर बरी होती."

"दाढ काय तुला विचारून दुखते का?" बागिलाबाईंनी तोडून टाकलं.

मग आझे आल्या. पांढराशुभ्र शिरपोशाख, अंगापिंडानं भक्कम, काठी टेकत पण काठीवर भार न देता. एकेकाच्या गालांचे मुके घेतले. बागिलाबाईंनी रुमालावरूनच गाल पुढे केला.

"हे काय सोंग?"

"दाढ, आझे."

"हात्तिच्या! त्याला काय एवढं. उकळता चहा, त्यात मिरी आणि चिमूटभर मीठ. तोंडात धरायचा जेवढा धरवेल तेवढा. मी माझे सगळे दात असेच बरे केले." आणि आझे खदखदून हसल्या तेव्हा आत राहिलेले दोन दात दिसले.

सगळे दस्तरखानाभोवती बसले. मानाच्या जागी आझे, त्यांच्या एका हाताला बागिलाबाई, मग गाउहार, आणि दाराशी, चहाचं पाणी उकळत ठेवलेल्या समोवरजवळ, मारझान. आमच्याकडे सुनेची परीक्षा तिच्या चहावर. किटलीतला काळा अर्क, वर समोवरचं उकळतं पाणी, मग दूध, आणि रंग कसा, तापलेल्या विटेसारखा. आणि वाटी कधी भरायची नाही. अर्धी द्यायची, अर्ध्याहून कमीच. पाहुण्यानं पुन्हा पुन्हा मागावी, सुनेनं पुन्हा पुन्हा भरावी, त्यातच तर माया आहे. वाटी काठोकाठ भरून दिली की त्याचा अर्थ एकच, आणि तो पाळण्यातल्या पोरालाही कळतो. हे पी, आणि चालू लाग.

पहिल्या वाटीला मारझाननं बागिलाबाईंकडे घोटभरच चहा पाठवला. तो त्यांनी तसाच समोर ठेवला. गाउहारच्या नजरेतून काही सुटत नाही. "जाऊबाई, चहा निवतोय."

"पिते."

"निवलेला काय प्यायचा?" आझे म्हणाल्या. "ओत तो. पोरी, तिला नवा दे. पाणी उकळतं घाल, मी बघतेय. मिरी टाक. आणि तू, बागिला, एका घोटात घे."

आता आली का पंचाईत! मारझाननं वाटीत अर्क घातला. आझे बघत होत्या. समोवरची तोटी सोडली. आझे बघत होत्या. वाटीतून वाफेचा लोट उठला आणि मारझानच्या डोळ्यांपुढे ती सालटी निघालेल्या ओठाची बाई उभी राहिली. हे एका घोटात? ज्या तोंडाला गरम कळतच नाही, त्या तोंडात? आझे मिरीची डबी कुठे ते गाउहारला विचारायला वळल्या, तेवढ्यात मारझाननं थंड दुधाचा जग उचलला आणि ओतलं. बोट लावून पाहिलं, चटका बसला. आणखी ओतलं. अजून गरमच. आणखी ओतलं. वाटीबाहेरून हात लावला तेव्हा कुठे कोमट लागली, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

वाटीत काय झालंय हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही. त्या क्षणी ती सून नव्हती हो, डॉक्टर होती. वाटी तिनं पुढे केली. वाटी हातोहात जाते, तशी ती गाउहारच्या हातात आली, आणि गाउहार थांबली. दोन्ही हातांनी तिनं वाटी सगळ्यांना दिसेल अशी धरली. पांढरीफटक, काठोकाठ, एक थेंब तिच्या बोटावरून ओघळला.

"अगं बाई!" गाउहार म्हणाली. "सासूला भरली वाटी!"

दाउरेन मांसाचं ताट घेऊन दारात आला होता, तो दारातच उभा राहिला. मारझाननं वाटीकडे पाहिलं, तेव्हा कुठे तिला तो भरलेला काठ दिसला.

"हे शिकवलं का तुला अल्माटीनं?" गाउहारचा आवाज चढला. "आझेंच्या देखत सासूला ऊठ म्हणतेस? दिवसभर बायकांच्या तोंडात सुया खुपसायच्या, पैसेवाल्या बायकांत वावरायचं, मग हेच होणार. चहा तरी आहे का हा? नुसतं दूध!"

आझेंनी आपली वाटी आडवी करून ठेवली. याचा अर्थ आता चहा पुरे. आझे अशा पहिल्या वाटीला कधी थांबत नसत.

"पोरी," आझे म्हणाल्या, आणि आवाज रागाचा नव्हता, तेच वाईट होतं. "काही म्हणायचंय तुला?"

एक वाक्य पुरलं असतं. यांचे ओठ बधिर आहेत, बस्स. मारझानच्या अगदी जिभेवर आलं ते. तिनं एकदा, एकदाच सासूकडे पाहिलं. रुमालावरचे ते डोळे मोठे झाले होते, घाबरलेले, शाळकरी पोरीसारखे. मारझाननं ओठ मिटून घेतले.

"माझी चूक झाली, आझे."

"हं." आझेंनी काठी मांडीवर आडवी घेतली. "मी ठरवूनच आले होते, पण म्हटलं आधी पोरीचं ऐकून घेऊ. आता ऐकायला काही उरलं नाही. ते काम तुझी रीतभात खातंय. केगेनच्या दवाखान्यात जागा आहे. सोमवारी माझ्याबरोबर निघायचं. दाउरेन मागून येईल. माझ्याजवळ राहा, चहा करायला मी शिकवीन."

मारझाननं मान खाली घातली. तिला रडायचं नव्हतं, पण दस्तरखानावरची नक्षी एकात एक मिसळायला लागली. संपलं सगळं. एका वाटीवर संपलं.

बागिलाबाईंनी गाउहारच्या हातून ती वाटी घेतली. रुमाल जरा वर केला आणि प्यायला गेल्या. पण बधिर ओठांना वाटीचा काठ कुठे लागला हेच कळेना, आणि कोमट दूध हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून पोशाखावर ओघळलं. त्यांनी वाटी खाली ठेवली. ओघळलेल्या दुधाकडे पाहिलं. मग समोर मान खाली घालून बसलेल्या सुनेकडे पाहिलं.

आणि डोक्यामागे हात नेऊन त्यांनी रुमालाची गाठ सोडली.

"माझी दाढबीढ काही दुखत नाही," त्या म्हणाल्या. शब्द जरा लोळत येत होते, पण आवाज वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "ओठ भरून घेतलेत मी. आज सकाळी. हिच्या हातानं."

गाउहारचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

"बधिर आहेत. उकळता चहा लागला असता तर कातडी गेली असती आणि मला पत्ता लागला नसता. पोरीनं थंड दूध ओतलं ते त्यासाठी. ओतता ओतता वाटी भरली. आणि कुणाला सांगू नकोस म्हणून मी तिला शपथ घातली होती, म्हणून ती गप्प बसली. तुम्ही तिला एवढं बोललात, तरी बसली. आणि मी! जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि माझ्यापायी पोरीला शिक्षा होत असताना रुमालाआड लपून बसले. लाज वाटते मला."

"म्हणजे... ओठ?" गाउहारला कसंबसं बोलता आलं. "तुम्ही? साठीला आलात, जाऊबाई!"

"म्हणूनच. विशीत होते तेव्हा भरलेलेच होते की." मग बागिलाबाई आझेंकडे वळल्या. छत्तीस वर्षांत त्या या बाईला कधी उलट शब्द बोलल्या नव्हत्या. गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी एक श्वास घेतला. "आझे, मारणार असाल तर मारा. पण ती केगेनला जाणार नाही. तिचं काम चांगलं आहे. आजपर्यंत मी ते लपवलं, दवाखान्यात असते एवढंच सांगत आले. आज तिच्या खुर्चीत बसले तेव्हा कळलं. एवढा हलका हात, एवढं लक्ष, माझ्या आईनंसुद्धा माझं तोंड कधी असं धरलं नसेल. अशी सून मी देणार नाही. तुम्हालाही नाही."

मारझाननं मान वर केली. रिवाज गेला चुलीत. ती सासूच्या तोंडाकडे बघत होती आणि गालांवरून धारा लागल्या होत्या.

काठीनं आझेंनी बागिलाबाईंना जवळ बोलावलं. "सरक इकडे. उजेडात." हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. अंगठा वरच्या ओठावरून फिरवला, मग कोपऱ्यावरून. बघता बघता त्यांचे स्वतःचे ओठ हलायला लागले.

"लग्नात तुझा बुरखा वर केला त्या दिवशी हे तोंड असंच होतं," त्या हळूच म्हणाल्या. "सगळ्या म्हणत होत्या, सून गंभीर आहे. मी म्हटलं, गंभीर कसली, आतल्या आत हसतेय लबाड. मग कुठे गेलं ते, कळलंच नाही मला. मला वाटायचं, माझ्या घरात पोर सुखी नाही."

"होते हो आझे," बागिलाबाई म्हणाल्या, आणि आता त्याही रडायला लागल्या. "सुखीच होते. तोंडावर दिसत नव्हतं एवढंच."

"आता दिसतंय," आझे म्हणाल्या, आणि एकाएकी मांडीवर थाप मारून गरजल्या. "अरे, तुम्ही सगळे बसलात काय असे? नवं तोंड बघितलं की रिकाम्या हातानं उठायचं असतं का? कोरिमदिक काढा!"

नवी नवरी बघितली, नवं बाळ बघितलं, अगदी गोठ्यात नवं शिंगरू बघितलं तरी पहिल्या दर्शनाला काहीतरी द्यावं लागतं, तेच हे कोरिमदिक. पण साठीच्या बाईच्या तोंडाला ते कुणी दिल्याचं आजवर ऐकिवात नव्हतं. आझेंनी मनगटावरचं चांदीचं जाड कडं फिरवून फिरवून काढलं. बागिलाबाईंनी दोन्ही हात पुढे केले, तर आझेंनी त्यांच्या हातावर एक चापट मारली.

"तुला कशाला? बाळ बघितलं की कडं बाळाला देतात होय? आईला देतात. हे तोंड काढलं कुणी? इकडे ये गं पोरी."

मारझान गुडघ्यांवर सरकत पुढे आली. आझेंनी कडं तिच्या हातात चढवलं आणि तिचं कपाळ हुंगलं. "ज्यांचं झाकायचं त्यांचं झाकून ठेवतेस. माझ्या घरात एवढ्या वर्षांत असली एकही आली नाही. सगळ्यांच्या जिभा चुरूचुरू." हे म्हणताना त्यांनी गाउहारकडे पाहिलं. गाउहार लगबगीनं दाउरेनच्या हातातलं ताट घ्यायला उठली. दाउरेन मघापासून दारातच होता आणि मांसाची वाफ केव्हाच विरली होती.

"बाई गं, चुकलं माझं," ताट ठेवता ठेवता गाउहार मारझानला म्हणाली. मग आवाज उतरवून, "कपाळावरच्या आठ्यांना काही असतं का तुझ्याकडे?"

"आधी आठ्या घालायच्या बंद कर," बागिलाबाई म्हणाल्या, आणि दाउरेन हसता हसता भिंतीला टेकला.

"थांबा, थांबा. मोठ्यांचं आधी," आझे म्हणाल्या. इकडे तिकडे बघून त्यांनी शिरपोशाखाची कड कानामागे सारली. कधी नव्हे त्या लाजल्यासारख्या दिसल्या. "हे बघ. भोक की भगदाड! आईच्या चांदीच्या झुमक्यांनी पाळी ओढून ओढून लोंबली. आता घालायला गेलं की झुमका सरळ खाली. पेटीत पडून आहेत बिचारे. ओठ भरतेस, कानाची पाळी भरतेस का?"

मारझाननं डोळे पुसले. मग तिनं आझेंची हनुवटी दोन बोटांत धरली, सरळ धरली, न घाबरता, आणि कान उजेडाकडे वळवला. पाळी चिमटीत घेऊन पाहिली. आतल्या दोन दातांसकट आझे श्वास रोखून बसल्या होत्या.

"भरता येते, आझे. चांगली जाड होईल. महिनाभरानं झुमके घाला."

"खरं?"

"खरं. पण तसली सुई केगेनला नाही. माझ्याच दवाखान्यात यावं लागेल."

"मग तू केगेनला जाऊन करणार काय? खरूज बघायला दुसरा कुणी मिळेल त्यांना. सोमवारी तू कुठे जायचं नाहीस. सोमवारी मी येते."

बागिलाबाईंनी घसा साफ केला. नव्या ओठांचा एक कोपरा वर गेला, बधिर होता तरी गेला. "पण आझे, एक सांगून ठेवते. सुईच्या दिवशी गरम चहा बंद असतो."

आझेंचा चेहरा पडला. चहाशिवाय दिवस? त्यांनी खरोखरच विचार केला, काठीवर हनुवटी टेकून, चांगला वेळ घेऊन. मग डोळे चमकले.

"मी काय कानानं चहा पिते?"

पहिल्यांदा कोण हसलं ते कुणालाच सांगता येणार नाही. गाउहारला ठसका लागला, दाउरेन बाहेर पळाला, आणि बागिलाबाई मोठ्यानं, तोंडावर हात न धरता हसत सुटल्या. मारझानही हसली, सासूच्या आणि आजेसासूच्या देखत, अगदी पोट धरून. सोमवारी ती नेहमीच्या वेळेला कामावर गेली, आणि गाडीत मागच्या सीटवर आझे बसल्या होत्या.